आचान प्रीचाचं इंग्रजी

बँकॉकमधल्या बांग्लाम्फूतल्या आमच्या गल्लीत केस कापणारा एक, पंखे दुरुस्त करणारा एक आणि इंग्रजी येणारा एक, अशी तीन माणसं होती म्हणायची. पण मोजायला गेलं तर दोनच भरत. पंखेवाला आणि इंग्रजीवाला एकच होता. त्याचं नाव प्रीचा.

पंख्यांच्या बाबतीत त्याचा लौकिक बेताचाच होता. उन्हाळ्यात त्याच्याकडे टाकलेला पंखा थंडीत परत मिळे, आणि मिळाल्यावर वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देई. तरी कुणी तक्रार करत नसे. ज्या माणसाने ऐन तारुण्यात दूर ईशान्येकडच्या उदोनच्या विमानतळावर अमेरिकन कॅप्टनांशी उठबस केली, त्याने वर आपल्या पंख्याचं पातंही सरळ बसवावं अशी अपेक्षा करणं गल्लीला बरं दिसत नसे. सगळे त्याला 'आचान' म्हणत, म्हणजे गुरुजी. त्याला एकही विद्यार्थी नव्हता, पण तेवढ्याने कुणाच्या गुरुजीपणाला बाध येत नाही.

खरी गोष्ट एवढीच होती की शेजारच्या देशात अमेरिकनांची लढाई चालली होती त्या दिवसांत प्रीचा त्या विमानतळाच्या धोबीखान्यात कपडे भिजवायला होता. कॅप्टनांशी त्याची जी काही ओळख होती ती त्यांच्या चड्ड्यांमार्फत. तिथे कानावर पडलेलं इंग्रजी त्याने पुढे जन्मभर जपून जपून वापरलं. "नो स्टार्च." "टू शर्ट, वन पँट." "टुमारो फिनिश." "बटन ब्रोकन, सॉरी सर." एवढ्या भांडवलावर माणसं दुकानं काढतात, प्रीचाने अब्रू काढली, म्हणजे कमावली.

एकदा एक दारू प्यायलेला गोरा रस्ता चुकून गल्लीत शिरला आणि छुआन न्हाव्याच्या खुर्चीत बसून रडायला लागला. प्रीचाला बोलावणं गेलं. प्रीचा त्याच्यासमोर उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "टुमारो फिनिश, सर." गोऱ्याने डोळे पुसले, थोडा विचार केला आणि उठून चालता झाला. त्या दिवसापासून गल्लीची खात्रीच पटली.

दुसऱ्यांदा माडीवरची खोली भाड्याने देणाऱ्या सांगियममावशीच्या भाचीने ऑस्ट्रेलियाहून कसलीशी मलई पाठवली. डब्यावरचं प्रीचाने डोळे बारीक करून वाचलं आणि सांगितलं, "हृदयाला बळ देणारी आहे. कोमट पाण्यातून घ्या." मावशीने आठवडाभर घेतली. मग भाचीचा फोन आला तेव्हा कळलं की ती टाचांच्या भेगांना लावायची होती. छुआन न्हावी हे सांगत गल्लीभर फिरला. प्रीचा शांत होता. "तिकडे टाचेतूनच हृदयाला पोचवतात," तो म्हणाला. मावशीलाही ते पटलं, कारण खरोखरच तिला थोडी हुशारी वाटत होती.

हे सगळं खोटं आहे हे जगात एकच व्यक्ती जाणत होती, ती म्हणजे त्याची बायको लाम्याय. त्याच धोबीखान्यात ती शेजारच्या टेबलावर इस्त्री करायला होती. तिचं इंग्रजीही तेवढंच होतं, शिवाय तिला 'कॉलर' हा शब्द जास्त येई. पण लग्नाला तीस वर्षं होत आली तरी तिने हे कुणाला सांगितलं नाही. प्रेमापोटी नव्हे. ज्याचं गुपित आपल्याकडे असतं तो नवरा सांगितल्याबरोबर पाणी भरतो, असा तिचा अनुभव होता. गल्लीच्या तोंडाशी तिची गाडी होती. नारळाच्या दुधातले गोड आप्पे ती काढत असे, आणि घर त्या आप्प्यांवर चालत होतं.

तर त्या वर्षी गरमीच्या सुरुवातीला सांगियममावशीच्या माडीवरच्या खोलीत एक परदेशी पाहुणा आला. उंच, लाल, पाठीवर स्वतःएवढंच बोचकं. आल्या दिवशीच त्याचं पोट बिघडलं आणि पुढचे दोन दिवस तो मावशीच्या ओट्यावर पातळ भात खात, खांबाला टेकून बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायचा. गल्लीनेही मग त्याच्यासमोर बसूनच त्याच्याविषयी चर्चा सुरू केली. समोरच्याला भाषा येत नसली की चर्चेला एक मोकळेपणा येतो.

"नाक बघा," छुआन न्हावी म्हणाला. "याची दाढी करायची तर आधी नाकाला वळसा घालायला रस्ता काढावा लागेल."

"भाडं दुप्पट सांगितलं," सांगियममावशी त्याच्याकडे बघून गोड हसत म्हणाली. "मुकाट दिलं बिचाऱ्याने. आता वाटतं, तिप्पट सांगायला हवं होतं."

"लग्न झालंय का याचं?"

"या वयात पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरतोय. कोण देणार मुलगी?"

पाहुणा हसला. गल्ली म्हणाली, स्वभावाने गरीब आहे.

तिसऱ्या दिवशी तो बरा झाला, नकाशा घेऊन खाली आला, आणि नकाशावर बोट फिरवून भुवया उडवू लागला. मावशीला लगेच उमगलं. "याला शहर बघायचंय. एकटा गेला तर हमरस्त्यावरचे लुटतील याला." लुटायचं तर आपल्या घरातल्या घरात, असं मावशीचं धोरण असावं. "आपले आचान आहेत की. आचान, घेऊन जा याला. इंग्रजीतून सगळं नीट समजावून सांगा."

प्रीचा एका पंख्याच्या पोटात हात घालून बसला होता. त्याचा हात तिथेच राहिला. "आज जरा हा पंखा..."

"जा की," गाडीवरून लाम्याय म्हणाली. "तुमच्या भरवशावर एक तरी पंखा फिरतोय का? आणि येताना खोबरं खवायच्या यंत्राचं नवं पातं आणा. हे घ्या पैसे. पाहुण्याला उपाशी ठेवू नका."

तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते प्रीचाने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, त्याच्या थोरल्या मेहुण्याचा पाय शेणात पडला तेव्हा.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. प्रीचा आत गेला, विमानतळावरची जुनी निळी टोपी घालून बाहेर आला. गल्ली गोळा झालेलीच होती. त्याने पाहुण्याशी हात मिळवला आणि मोठ्याने म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर. टू शर्ट, वन पँट. नो स्टार्च."

पाहुण्याने मान खाली घालून आपल्या शर्टाकडे आणि पँटकडे पाहिलं. मग म्हणाला, "थँक यू."

"काय म्हणालात त्याला?" छुआनने विचारलं.

"म्हटलं, आमच्या पुरातन राजधानीत आपलं मनःपूर्वक स्वागत असो."

"एवढ्याशा शब्दांत?"

"इंग्रजी आटोपशीर भाषा आहे, छुआन. कात्रीसारखी वटवट करत नाही."

पाहुण्याने छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं. ते लांबलचक होतं, पण त्याचा ऐकू येणारा भाग 'वोय' एवढाच होता. आमच्याकडे 'वोय' असं दारुड्यावर किंवा अडलेल्या म्हशीवर खेकसतात. गल्लीने एकमेकांकडे पाहिलं. नाइलाजाने त्याला आदराने मिस्टर वोय म्हणायचं ठरलं.

नदीवरच्या नावेत दोघं मागच्या बाकावर बसले. यंत्राचा एवढा आवाज होता की बोलण्याची गरज नव्हती, आणि प्रीचा मनातल्या मनात यंत्राचे आभार मानत होता. पण एका धक्क्याला नाव थांबली, यंत्र मंदावलं, आणि त्याच्या कानाशी कुणीतरी शुद्ध थाईत बोललं. शुद्ध म्हणजे अशी, की शिलालेखच वाचल्यासारखी.

"पूज्य महोदय, क्षमा असावी. प्रभातसमयी आपण खळ घालू नये असे म्हणालात. ते कोणत्या वस्त्राविषयी होते?"

प्रीचाने आधी मागे वळून पाहिलं. मागे पाणी होतं. मग त्याने वोयकडे पाहिलं.

"तुम्ही बोललात?"

"मीच बोललो. आपली भाषा मला किंचित अवगत आहे."

वोय चेक देशातला होता. तिथे एका बिअरच्या कारखान्यावर तो रात्रपाळीचा पहारेकरी होता. रद्दीच्या दुकानात त्याला थाई शिकवणारं एक पुस्तक मिळालं, त्याच्या आजोबांच्या काळात छापलेलं. पाच वर्षं रात्रीच्या रात्री तो एकटा बसून ते शिकला. त्यामुळे 'राजाज्ञा', 'गजदंत', 'पुष्करिणी' हे शब्द त्याला तोंडपाठ होते, पण 'बिल द्या' म्हणता येत नव्हतं. आणि हे सगळं जिवंत माणसाशी बोलायची त्याची आज पहिलीच वेळ होती.

"मग दोन दिवस गल्लीत तोंड का उघडलं नाहीत?" प्रीचाने घाबऱ्या आवाजात विचारलं.

"आपले लोक अतिशय वेगाने बोलतात. म्हणून मी प्रथम केवळ श्रवण केले."

"सगळं कळलं?"

"नासिकेविषयीचे कळले," वोय म्हणाला. "भाड्याविषयीचेही कळले."

प्रीचाला गल्लीची काळजी वाटली नाही. त्याला एकच दिसत होतं. हा माणूस संध्याकाळी परत जाऊन तोंड उघडणार, आणि मग तीस वर्षांची आचानगिरी धोबीखान्यात परत जाणार. त्याने डोकं लढवलं. त्याचं डोकं पंख्यापेक्षा बरं चाले.

"हे बघा, मिस्टर वोय. चांगली गोष्ट आहे. पण गल्लीत मात्र थाई बोलू नका हं. आमच्यात पाहुण्याने आपली भाषा बोलली तर यजमानाला वाटतं, हा आपल्याला अडाणी समजतो. फार मोठा अपमान. मावशी वयस्कर आहे, तिला घेरीच येईल."

वोय गंभीर झाला. "हे पुस्तकात नव्हते."

"पुस्तकात कसं असेल? खासगी चालीरीत आहे."

वोयला असल्या खासगी चालीरीतींचं भयंकर वेड होतं. कुठल्याच परदेश्याला न दिसलेलं शहर त्याला बघायचं होतं. खानावळीत परदेशी माणूस दिसला की तो नाक मुरडून पुढे चालू लागे. जिथे एकही परदेशी नाही अशी जागा शोधून तो बसे; पण तो बसला की तिथे एक परदेशी होई, आणि त्याला ते जाणवून तो पुन्हा उठे. अशा तऱ्हेने सकाळचा नाश्ता तीन ठिकाणी हुकला.

निजलेल्या बुद्धाच्या मंदिराकडे जाताना इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात कसलंतरी ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ आडवा आला. त्याने वोयकडे पाहिलं, प्रीचाच्या टोपीकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, दोघांपैकी मोठं गिऱ्हाईक प्रीचा आहे असं त्याला वाटलं. अमेरिकेत राहून आलेला एखादा चिनी किंवा फिलिपिनो. तो प्रीचाशी इंग्रजीत बोलू लागला.

आता हे समजून घेतलं पाहिजे. इंग्रजी येतं म्हणून प्रीचाला सगळा जन्म मान मिळाला होता, पण इंग्रजीत त्याच्याशी आपण होऊन असं कुणी बोललं नव्हतं. त्याचा कणा ताठ झाला. "मी इथलाच आहे रे बाबा," एवढं थाई वाक्य बोलला असता तर विषय मिटला असता. त्याऐवजी तो म्हणाला, "येस."

गृहस्थ पुढे बोलला. प्रीचा म्हणाला, "येस, येस." आणखी काही वेळाने प्रीचा आणि वोय एका टुकटुकमध्ये, म्हणजे तीनचाकी रिक्षात, बसलेले होते आणि टुकटुक मंदिराला पाठ करून सुसाट निघाली होती. वोयला वाटलं, स्थानिक माणूस आहे, काही तरी खासगी दाखवणार. तो खूश होता.

टुकटुक थांबली ती शिंप्याच्या दुकानाशी. आत थंडगार हवा, काचेच्या कपाटात कापडांचे तागे. बारीक मिशांचा शिंपी हात जोडून पुढे आला, त्यानेही टोपीवरून हिशेब केला आणि प्रीचाला इंग्रजीत प्रश्न विचारले. रंग? येस. दोन बटनं का तीन? येस. 'बटन' हा शब्द ओळखीचा निघाल्यामुळे प्रीचाला एवढा धीर आला की त्याने आपणहून वाक्य टाकलं, "नो स्टार्च." शिंपी अदबीने वाकला आणि टेप घेऊन त्याची छाती मोजू लागला.

वोय जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "महोदय, त्या गृहस्थाने मंदिर आज बंद आहे असे आपणास सांगितले. परंतु ते बंद नाही. मी नावेतून पाहिले. लोक द्वारातून आत जात होते. या युक्तीविषयी माझ्या प्रवासाच्या पुस्तकात एक संपूर्ण पृष्ठ आहे. परदेशी मनुष्यास अशा दुकानात आणतात, आणि आणणाऱ्यास दलाली मिळते. आपणास हे ठाऊक होते काय?"

प्रीचाचे दोन्ही हात त्या वेळी आडवे पसरलेले होते. सुळावर दिल्यासारखा तो उभा होता, आणि विचार करायला वेळ थोडा होता. नव्हतं ठाऊक म्हणावं, तर बँकॉकमध्ये जन्म काढलेला माणूस बँकॉकमध्येच, आणि तेही इंग्रजीमुळे, वासरासारखा ओढला गेला असं ठरत होतं. होतं ठाऊक म्हणावं, तर तो दलाल ठरत होता. दलाल म्हणजे चोरच. पण चोराला निदान अक्कल असते असं लोक धरून चालतात.

"मला ठाऊक होतं," प्रीचा म्हणाला.

"म्हणजे आपण दलाली घेता?"

"घेतो."

वोयचा चेहरा पडला. "किती?"

"हा कोट," प्रीचा म्हणाला. "दलालीत शिवून मिळतो."

तेवढ्यात शिंप्याने बोटं चोळून अनामत मागितली. प्रीचाने खिशातून खोबऱ्याच्या पात्याचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. वोय ते बघत होता. "दलाली घेणारा पैसे देतो?"

"आधी द्यायचे, मग परत मिळतात," प्रीचा म्हणाला. "खासगी चालीरीत आहे."

यानंतर वोयने त्याला 'पूज्य महोदय' म्हणणं सोडलं. 'अहो' म्हणू लागला. शिलालेखातला माणूस एकदम चव्हाट्यावर आला.

दुपारी ते शेवटी मंदिरात पोचले. दारावर थाई माणसाला तिकीट नाही, परदेश्याला आहे. वोयने दारवानाला नमस्कार करून आपल्या शिलालेखी थाईत सांगितलं की, ज्ञानार्थी म्हणून मला मुक्तद्वार मिळावे. दारवान भारावून गेला. "किती सुंदर बोलता. आमच्या पोरांना असं येत नाही," तो म्हणाला. "तिकीट तिकडे." मग प्रीचाकडे वळून त्याने विचारलं, "तुम्ही कोण? यांचे ड्रायव्हर?"

आत फळं विकणाऱ्या बायका, फुलं विकणारी म्हातारी, फरशी पुसणारा नोकर, सगळ्यांनी वोयभोवती कडं केलं. तो एक वाक्य बोले की त्या तोंडावर हात धरून हसत आणि आणखी बोलायला लावत. कुणीतरी त्याला फुकट पेरू कापून दिला. प्रीचाला कुणी पेरू दिला नाही. बुद्धाच्या पायांशी उभं राहून वोयने त्याला समजावून सांगितलं की तळव्यांवर शिंपल्याची कलाकुसर आहे, प्रत्येक चित्राला अर्थ आहे, अमक्या राजाने ते करवून घेतलं. प्रीचा लहानपणी आईचं बोट धरून एकदा इथे आला होता. त्याला आठवत होतं एवढंच, की आईने घाईघाईने नमस्कार केला होता आणि बाहेर बर्फाचा गोळा घेऊन दिला होता.

"यावर आपले मत काय?" वोयने विचारलं.

"मोठा आहे," प्रीचा म्हणाला. त्याचे पाय दुखत होते. बुद्ध निवांत आडवा पडला होता, आणि प्रीचाला त्याचा मनापासून हेवा वाटला.

संध्याकाळी दोघं गल्लीत परतले तेव्हा मावशीच्या ओट्यापुढे चटया पसरल्या होत्या. पपईची कोशिंबीर, चिकट भात, भाजलेले मासे, बर्फ घातलेली बिअर. गल्ली वाट बघत होती. प्रीचा पहिला घोट घेऊन सुरू झाला. सगळा इतिहास त्याने वोयला इंग्रजीतून सांगितला होता. तळव्यांवरच्या एकेका चित्राचा अर्थ त्याने उलगडला होता. ऐकता ऐकता वोयच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाटेत एका भामट्याने फसवायचा प्रयत्न केला, पण प्रीचाने त्याला इंग्रजीतच असा झाडला की तो पळाला.

वोय चटईवर मांडी घालून बसला होता आणि शब्दन् शब्द ऐकत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या.

"विचारा तरी त्याला," छुआन म्हणाला. "सगळ्यात काय आवडलं म्हणावं."

प्रीचाने घसा खाकरला. "सर. बटन ब्रोकन?"

वोयने बिअरचा ग्लास खाली ठेवला आणि तो आपल्या चेक भाषेत बोलू लागला. बराच वेळ बोलला. मधूनमधून त्याचा आवाज चढत होता आणि एकदा त्याने चटईवर मूठ आपटली. त्याने काय सांगितलं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

"म्हणतो," प्रीचा म्हणाला, "मंदिरं, राजवाडे सगळीकडे असतात. पण असा मार्गदर्शक सात देश फिरून मिळाला नाही."

"मग हे सांगताना तुमच्याकडे बघून दात का खाल्ले त्याने?" छुआनने विचारलं.

"भावनाप्रधान लोक आहेत."

लाम्याय गाडीवरून आप्प्यांचं पान घेऊन आली, वोयसमोर ठेवलं आणि एक पाऊल मागे सरली. "पोरगा चांगला आहे," ती मावशीला म्हणाली. "त्याच्या त्या मोज्यांना मात्र कुणीतरी अग्नी द्या. माझे आप्पे नासतील."

वोयने दिवसभर बऱ्याच गोष्टी गिळल्या होत्या. ही त्याच्याने गिळवली नाही.

"क्षमस्व, भगिनी," तो म्हणाला. "प्रवासात दोनच जोड आहेत. एक वाळत आहे, दुसरा पायांत आहे."

छुआनचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला. जो तो मनातल्या मनात गेले दोन दिवस उलटे मोजू लागला: आपण याच्यासमोर काय काय बोललो? सांगियममावशीने भाड्याच्या पैशांची पिशवी मांडीखाली सारली.

"याला," ती सावकाश म्हणाली, "कधीपासून येतंय?"

सगळ्या गल्लीचा जीव या एका प्रश्नात अडकला होता. प्रीचाचाही अडकला होता, पण वेगळ्या जागी. तो वोयकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचं तोंड आपणहून बोललं.

"आजपासून."

"म्हणजे?"

"मी शिकवलं. नावेत सुरुवात केली."

छुआन न्हावी पुढे सरकला. "एका दिवसात?"

"जेवायला थांबलो मधे. नाहीतर दुपारीच झालं असतं."

सगळे वोयकडे वळले. वोयची अडचण निराळीच होती. पाच वर्षांपासून येतं म्हणावं, तर दोन दिवस यांच्या ओट्यावर बसून, यांचा भात खाऊन, यांचं बोलणं चोरून ऐकत हसत होतो हे कबूल करावं लागणार. शिवाय समोर म्हातारी पांढरी पडली होती, आणि तिला घेरी येते हे त्याला सांगितलेलं होतं. त्याने दोन्ही हात जोडले.

"सत्य आहे," तो म्हणाला. "आचानांनी आज शिकवले. कालपर्यंत मला काहीही समजत नव्हते."

चटयांवरून एक मोठा सुस्कारा गेला. मावशीच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

"मात्र," वोय तिच्याकडे वळून म्हणाला, "आजपासून मला भाड्याविषयी काही काही समजू लागले आहे."

"आज निम्मंच दे हो बाबा," मावशी घाईघाईने म्हणाली. "निम्मंच दे. आणि हा मासा घे."

मग बिअर पुन्हा आली, आणि आचानच्या विद्वत्तेला ऊत आला. त्या दिवशी गल्लीत एकजणही खरं बोलला नाही, पण सगळ्यांचं भलं झालं, आणि असा योग फार थोड्या सत्यवचनी दिवसांच्या वाट्याला येतो.

गाडी आवरताना लाम्यायने विचारलं, "पातं?"

"दुकान बंद होतं."

"असेल," ती म्हणाली. "आज शहरात सगळंच बंद होतं म्हणे. मंदिरसुद्धा. पोरगा आप्पे खाता खाता सांगत होता." तिने जुनी खवणी त्याच्या पुढ्यात ठेवली.

पुढचा महिनाभर सकाळी उठून खोबरं प्रीचाने हाताने खवलं. कोटाचे उरलेले पैसे द्यायला तो कधी गेला नाही. वोय दुसऱ्या दिवशीच बोचकं उचलून लाओसकडे गेला, जाताना त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आणि प्रीचाला हळूच म्हणाला, "अहो, आपला कोट आपणास लाभो." त्यात टोमणा होता की शुभेच्छा, हे प्रीचाला ठरवता आलं नाही. पुस्तकी भाषेचा हा एक तोटा आहे.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. सांगियममावशी धंदेवाईक बाई. तिने दारावर पाटी रंगवून घेतली: खोली भाड्याने, सोबत थाई भाषा एका दिवसात. पाटीचं इंग्रजी कुणाकडून करून घेतलं देव जाणे, आचानकडून नक्कीच नाही, कारण ते परदेश्यांना समजलं. महिना संपता संपता दोन कोरियन मुली आणि एक डच म्हातारा वह्या घेऊन प्रीचाच्या दुकानात येऊन बसले. प्रीचाने त्यांना पंख्याचं पातं दाखवून 'पंखा' म्हटलं, त्यांनी 'पंखा' म्हटलं, आणि पुढे काय करावं हे कुणालाच सुचेना. दुपारी मुलींनी मावशीकडे पैसे परत मागितले. संध्याकाळी प्रीचाची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी हवापालटासाठी तो लाम्यायच्या मावसभावाकडे निघाला, उदोनपासून आणखी आत, भातखेड्यात.

लाम्यायने त्याला बसमध्ये बसवून दिलं. "तिथे तरी गप्प बसा," ती म्हणाली.

आठवडाभर तो गप्प बसला. खेडं शांत होतं, कुणी काही विचारत नव्हतं, आणि हळूहळू तेच त्याला टोचू लागलं. कुणी आचान म्हणत नव्हतं. लोक त्याला 'लाम्यायचा नवरा' म्हणत आणि पुढे जात. शेवटी एका संध्याकाळी दुकानापुढच्या बाकावर गावचे चारजण बसलेले असताना त्याच्याने राहवलं नाही. कुणी विचारलं नव्हतं तरी तो म्हणाला, "आमचं काय, बँकॉकला आपलं परदेशी लोकांना थाई शिकवणं चालू असतं. हल्ली एका दिवसात येते त्यांना."

गावचा मुखिया पान चघळायचा थांबला.

"एका दिवसात?"

"चांगला शिष्य असला तर."

"बुद्धच पावला," मुखिया म्हणाला. "आमच्या पुतणीने जर्मन नवरा केलाय. सहा वर्षं झाली गावात राहून, 'भात' शब्दसुद्धा येत नाही पठ्ठ्याला. थोडं इंग्रजी तेवढं बोलतो. पुतणी रडकुंडीला आली आहे. उद्या सकाळी पाठवतो त्याला. नाही म्हणू नका, आचान."

किती दिवसांनी ती हाक कानावर आली होती. प्रीचाला आधी बरं वाटलं. मग त्याने दुकानदाराला विचारलं की बँकॉकची पुढची बस कितीला सुटते.

"आजची गेली," दुकानदार म्हणाला. "आता उद्या दुपारी."

मुखिया खुशीत उठून पुतणीच्या घराकडे निघालाही होता.